फ्लॅट विकला, प्लॉट घेतला नाही

अमळनेरात तुम्ही काही विकलं असं कुणाला सांगू नका. सोनं असो, म्हैस असो नाहीतर शेत, समोरचा माणूस दोन मिनिटांत विप्रोच्या शेअरवर येतो म्हणजे येतोच. इथे प्रत्येकाचा एक आजोबा किंवा काका असतो ज्याच्याकडे कधीकाळी ते शेअर होते आणि ज्याने ते पोरीच्या लग्नात नाहीतर विहीर खोदायला म्हणून विकून टाकले. गोष्ट मुळात खरी आहे. १९४५ साली ती कंपनी आमच्या गावात सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असं लांबलचक नाव, वनस्पती तूप काढायचे, सनफ्लॉवरचे डबे आणि ७८७ साबण आमच्या लहानपणी घरोघर. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी तेव्हा शेअर घेतलेले. पुढे १९६६ मध्ये वडील अचानक गेले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून आले आणि नंतरचं सगळ्यांना माहितीच आहे. ज्यांनी शेअर ठेवले त्यांचं सोनं झालं, ज्यांनी विकले त्यांची नातवंडं अजून चहाच्या टपरीवर बसून आज किती झाले असते याचा हिशोब करतात.

तर अशा गावात येऊन मी सांगितलं की पुण्यातला फ्लॅट विकून आलेय. "पुनानं घर इकी टाकं?" भाजीवाल्या मावशींनी हातातला तराजू तसाच धरून विचारलं. आणि मग शेजारच्या नानांनी विप्रो काढलं.

फ्लॅट वारज्याला होता. २००३ साली घेतलेला, स्टॅम्प-रजिस्ट्रेशनसकट बारा लाखांत पडला. माझ्या एकटीच्या नावावर, कारण शाळेची नोकरी माझी आणि बँकेने लोन माझ्याच पगारावर दिलं, ह्यांच्या कंपनीचं तेव्हा आज आहे उद्या नाही असं चाललेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हायवेचा आवाज रात्रंदिवस. चांगले दिवस काढले तिथे, मुलगी तिथेच मोठी झाली, खोटं कशाला बोलू. पण मी अठ्ठावन्नला रिटायर झाले आणि ह्यांचंही संपलं तेव्हा लक्षात आलं की आपण दिवसातून एकदा खाली उतरतो, भाजी-दूध-औषध सगळं एका फेरीत आणतो आणि बाकी वेळ गॅलरीतून ट्रॅफिक बघतो. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी वर्षानुवर्षं चालू होती, दर मिटिंगला नवा बिल्डर, नवा नकाशा, सामोसे. सगळे म्हणायचे आत्ता विकू नका, दुप्पट मिळतील. मिळतीलही हो, पण माझे गुडघे तेवढं थांबायला तयार नव्हते.

अमळनेर माझं माहेर. तरी इथे येऊन राहावं असं तोपर्यंत कधी मनात आलं नव्हतं, माहेर म्हणजे आखाजीला (तुमची अक्षय्य तृतीया) आणि लग्नाकार्याला जायची जागा. मग २०२४ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं, सत्त्याण्णवावं, रवींद्र शोभणे अध्यक्ष, आणि मांडव आमच्या प्रताप कॉलेजच्या आवारात. मी भावाकडे येऊन राहिले. ह्यांनाही ओढून आणलं, ते येताना कटकट करत होते की एवढ्या लांब भाषणं ऐकायला कोण जातं. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं. मी सकाळी एका मांडवात आणि दुपारी दुसऱ्या मांडवात, कधी चालत कधी रिक्षाने, आणि वाटेत ओळखीचं माणूस भेटलं नाही असं एकदाही झालं नाही. ज्या वर्गमैत्रिणी मेल्या की जिवंत हे माहीत नव्हतं त्या पुस्तकांच्या स्टॉलवर भेटल्या! १९५२ चं संमेलनही अमळनेरलाच झालेलं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते, त्याच्या आठवणी माझे वडील सांगायचे. परत जाताना बसमध्ये हे म्हणाले, इथे चालायला बरं आहे. बस, एवढंच. ह्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

विकायला काढल्यावर जी माणसं घर बघायला येतात त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. कुणी मोबाईलमधलं होकायंत्र काढून हॉलभर फिरतं, कुणी न विचारता फ्रिज उघडतं (फ्रिज विकायचा नव्हता), एका बाईंनी देवघराकडे बघून विचारलं, इथे शू रॅक बसेल का. एक गृहस्थ फार गोड बोलले, सगळं आवडलं म्हणाले, आणि जाताना दारात हळूच, पंधरा कॅश चालतील ना. नाही चालणार. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड लागू शकतो, हे मला आधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि तसंही पंधरा लाखांच्या नोटा घेऊन मी एसटीने अमळनेरला जाऊ का. शेवटी एक तरुण नवरा-बायको मिळाले, दोघं नोकरीवाले, लोन काढून घेणारे. सौदा ब्याण्णव लाखांना ठरला. विसार घेतला, साठेखत केलं, मग त्यांच्या बँकेच्या वकिलाने कागद मागायला सुरुवात केली. बिल्डरचा मूळ करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र, लोन फिटल्याचा दाखला. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम म्हणून जास्तीची रक्कम सांगितली तेव्हा मी नियम दाखवला, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, त्यावर नाही. शिक्षिका असल्याचा आयुष्यभरात झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच, लोकांना वाटतं हिने खरंच वाचलंय.

रजिस्ट्रेशन २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा, फोटो, सही, परत अंगठा, माझा अंगठा मशीन घेईना, खडूने झिजलेत म्हटलं तर तिथला मुलगा हसला. खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापला, पन्नास लाख किंवा वर किंमत असली की कापावाच लागतो, म्हणजे ब्याण्णव हजार आधीच माझ्या पॅनवर जमा. किल्ल्या देताना रडू येईल असं सगळ्या मैत्रिणींनी बजावलं होतं, मी रुमाल पण घेऊन गेले होते, पण त्या मुलीने लगेच विचारलं गिझरची वॉरंटी आहे का आणि ते राहूनच गेलं.

आता टॅक्स. हा भाग कंटाळवाणा आहे पण कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते, नको असेल त्यांनी पुढे जा. २३ जुलै २०२४ पासून नियम बदललाय. घर विकून झालेल्या फायद्यावर साडेबारा टक्के, महागाईचा इंडेक्स न लावता. पण घर त्याआधीचं असेल तर आपल्यासारख्या साध्या माणसाला जुना हिशोबही करता येतो, इंडेक्स लावून वीस टक्के, आणि दोन्हीत जो टॅक्स कमी तो भरायचा. माझ्या सीएने दोन्ही मांडून दाखवले, दलाली वगैरे बाजूला ठेवून. नव्या पद्धतीने फायदा ऐंशी लाख, टॅक्स दहा लाख. जुन्या पद्धतीने बारा लाखांचे इंडेक्स लावून जवळजवळ चाळीस लाख होतात (२००३-०४ चा आकडा १०९, २०२४-२५ चा ३६३), म्हणजे फायदा बावन्न लाख आणि काही, टॅक्स दहा लाख चाळीस हजार. नवी पद्धत स्वस्त. पण मला दुसरं घर घ्यायचंच नव्हतं, म्हणून त्याने सरकारी कंपन्यांचे कॅपिटल गेनवाले बाँड सुचवले, विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यायचे, पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षं हात लावायचा नाही, व्याज सव्वापाच टक्के. ते घेतले की तेवढा फायदा करातून वगळला जातो. आणि इथे गंमत झाली, पारडं फिरलं. ऐंशीतून पन्नास गेले तर तीस लाख उरतात, त्यावर पावणेचार लाख टॅक्स, आणि बावन्नातून पन्नास गेले तर उरतात दोन लाख, त्यावर चाळीस हजार! मी नववीला गणित शिकवायचे तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाँड घेतले. शिवाय तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी साडेएकसष्ट हजार येतात. सगळ्यांचे आकडे असेच बसतील असं नाही हं, घर कधी घेतलं, केवढ्याला घेतलं यावर असतं, आपापल्या सीएला विचारा.

म्हणजे आम्ही इथे भाड्याने राहतो. साडेसात हजार भाडं, कॉलेजपासून चालत पाच-सात मिनिटं, तळमजला, दोन खोल्या, किचन, मागे छोटं अंगण आणि त्यात पेरूचं झाड. हे मात्र गावाला पटलेलं नाही. फ्लॅट विकला हे एकवेळ समजू शकतात, पण एवढे पैसे असून "भाडाना घरमा ऱ्हातस?" खानदेशात माणसाला चार पैसे मिळाले की तो प्लॉट घेतो. आधी प्लॉट, मग त्याला तारेचं कुंपण, मग बोअर, मग दहा वर्षांनी घर, तोवर पोरं पुण्याला गेलेली. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचे असे मोठे मोठे बंगले आहेत, वरचा अख्खा मजला बंद, पायऱ्या चढवत नाहीत म्हणून. मला आता छप्पर सांभाळायचंच नाहीये. गळायला लागलं तर घरमालकाला फोन करायचा, हे सुख मी पहिल्यांदा अनुभवतेय.

भावाकडे का नाही राहिलात, हाही प्रश्न असतोच. भावाचं घर मोठं आहे, त्याने मनापासून बोलावलंही. पण बहीण नवऱ्याला घेऊन माहेरी कायमची आली म्हटलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा हिस्सा येतो, तोंडाने कुणी बोलत नाही. मी वडील गेले तेव्हाच हक्कसोड करून दिलेलं आहे, कुणी जबरदस्ती केली नव्हती, तेव्हाची परिस्थिती तशी होती. आता मुलींना कायद्याने बरोबरीचा वाटा आहे आणि कुणी हक्काने घेतला तर मी तिच्याच बाजूने उभी राहीन, पण माझं मी ठरवलं ते ठरवलं. त्यामुळे भाड्याची खोली बरी. वहिनीशी माझं इतकं छान चाललंय ना, दोघींची स्वयंपाकघरं वेगळी असल्यामुळेच.

वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली राहतात, चौघी, चोपडा, पारोळा, शिरपूरकडच्या खेड्यांतल्या. एकीचा डबा अजून एसटीने येतो. आई पहाटे उठून करते, गावातून पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, आणि ही स्टँडवर जाऊन घेते, परत जाताना रिकामा डबा. हे सगळं बिनपावतीचं, बिनपैशाचं, आणि डबा हरवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्या डब्यात कळण्याची भाकरी असली की मुलगी ती खाली आणून देते कारण तिला आता चपाती आवडते, आणि मी तिला माझी चपाती देते, दोघी खूश. संध्याकाळी दोघीतिघी पुस्तकं घेऊन अंगणात येतात, पोलिस भरती नाहीतर तलाठी, सगळ्यांचं काही ना काही चालू असतं. मी गणित सांगते. फी म्हणून त्या मला मोबाईलवर बँकेचं काय ते करून देतात.

आणि कॉलेज. आमचं प्रताप कॉलेज पण १९४५ चंच, म्हणजे ती तेलाची कंपनी आणि कॉलेज एकाच वर्षातले, गंमतच आहे. मी इथे ऐंशीच्या दशकात बीएस्सी केलं, तेव्हा मुली मागच्या दाराने वर्गात यायच्या आणि सर आत आल्यावरच बसायच्या. आता पहाटे पाचला ग्राउंडवर जाऊन बघा, मुली मुलांच्या बरोबरीने सोळाशे मीटर मारतायत, कडेला कुणाचा तरी बाप मोबाईलचं स्टॉपवॉच धरून उभा. आमच्यासारखे म्हातारे आतल्या कडेने चालतो, त्यांच्या वाटेत यायचं नाही हा अलिखित नियम. हे आधी वीस मिनिटांत घरी यायचे, आता त्यांना शोधायला माणूस पाठवावा लागतो, रिटायर्ड प्राध्यापकांच्या कट्ट्यावर बसलेले असतात.

गावाचं घड्याळच कॉलेजवर चालतं. जूनमध्ये ॲडमिशन, झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा, खोल्यांचे भाव चढलेले. परीक्षा आल्या की रात्री एकलाही अभ्यासिकांचे दिवे चालू आणि चहावाला जागा. गॅदरिंगच्या दिवसांत साड्या नेसायला शेजारपाजारच्या मुली माझ्याकडे येतात, पिनांचा डबाच वेगळा ठेवलाय मी. आणि मे महिन्यात गाव एकदम रिकामं, खानावळींना कुलूप.

या गावाला शिकण्या-शिकवण्याचं वेड पूर्वीपासूनचं. गिरणीमालक प्रतापशेठनी १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, कापसाच्या आणि गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान! कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तीसच्या दशकात इथे येऊन संचालक म्हणून राहिले, लोक देशभरातून वेदान्तावर वाद घालायला अमळनेरला यायचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं बघायचे, आणि मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. लहानपणी हे इतक्यांदा ऐकलेलं की कान किटले होते. आता गुरुजींच्या नावाच्या वाचनालयात दुपारी जाऊन बसते तेव्हा बरं वाटतं, पंखा आहे, मासिकं आहेत, आणि पुण्यात असताना जे वाचायचं वाचायचं म्हणून कपाटात ठेवलं होतं ते इथे खरंच वाचून होतंय. स्वतःची पुस्तकं मी निघताना बहुतेक वाटून टाकली. इथे लागतं ते मिळतं.

ह्यांची खरी मजा आहे. हे कऱ्हाडचे, अहिराणीचा गंध नाही, पण अख्ख्या गावाचे जावई. "कथा जाई ऱ्हायनात, जवाईबापू? या, बठा." टपरीवर चहाचे पैसे कुणी देऊ देत नाही, न्हावीसुद्धा आधी नको म्हणतो आणि मग घेतो. पहिल्या महिन्यात हे अवघडून गेले होते, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, आता कसला जावई! आता चांगले सरावलेत. दुकानात गेले की स्वतःच ओळख करून देतात, कुणाचा जावई ते सांगतात आणि शेव ताजी काढून घेतात. अहिराणी पण शिकतायत, बोलतात तेव्हा वरच्या मुली तोंडाला ओढणी लावतात.

खाण्याबद्दल सुरू झाले तर थांबणार नाही म्हणून थोडक्यात. हिवाळ्यात भरीत, ते आमच्या जळगावकडच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याचंच, काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं. पुण्यात जे जांभळं वांगं गॅसवर भाजून मी इतकी वर्षं केलं त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. शेवभाजी कुठेही खा, तिखट लागली तर तुमचं तुम्ही बघा. वरण-बट्टी करायला मात्र माणसं जमवावी लागतात, दोघांसाठी बट्टी होत नाही, मग वरच्या चौघी, भाऊ-वहिनी, घरमालक सगळे येतात.

आखाजीचं सांगते. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके, गौराईची गाणी, घागर भरून पितरांना नैवेद्य, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे आणि आमरस. इतकी वर्षं मी पुण्याहून रात्रभर बसने हाडं खिळखिळी करत यायचे. यंदा माहेर अर्ध्या किलोमीटरवर, जायचं कुठून आणि यायचं कुठे? मी वहिनीला म्हटलं सकाळी येते मांडे करायला. तर आदल्या संध्याकाळी भाचा ॲक्टिव्हा घेऊन दारात, नवा शर्ट घातलेला, म्हणतो आत्या, मुराळी आलोय, पिशवी भर. वहिनीने पाठवलेला. ह्यांना विचारतो, मामा, नेऊ ना? मी लुगडं पिशवीत घालून मागे बसले, दोन मिनिटांत पोचले, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, रीतसर. दोन रात्री राहिले. हे तिकडे एकटेच, नियमाप्रमाणे जेवायला फक्त बोलावलं. माझ्या मोठ्या बहिणी पण आलेल्या, गच्चीवर गोधड्या टाकून पहाटेपर्यंत बडबड, आणि खाली पुरुषांचे पत्ते. तिघींत मीच एक अशी की परत जाताना कुणी गाडीत बसवून द्यायला आलं नाही, मी चालत गेले.

आता सगळं गोडगोड आहे असं समजू नका. पाणी रोज येत नाही. कधी येईल हे शेजारच्या बाईला आधी कळतं आणि तिच्या हाकेवर सगळी गल्ली उठते, ड्रम, टाकी, बादल्या. तापी एवढी जवळ आणि पाडळसऱ्याच्या धरणाची चर्चा मी माझ्या लग्नाच्या आसपासपासून ऐकतेय. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, कूलरमध्ये दिवसाला किती पाणी ओततो ते बघून परत पाण्याचंच टेन्शन. मोठा आजार निघाला तर धुळं नाहीतर जळगाव, त्याहून मोठा असेल तर नाशिक. ह्यांच्या छातीत एकदा दुखलं तेव्हा धुळ्यापर्यंतचा रस्ता मला फार लांब वाटला, गॅसच निघाला ते जाऊ द्या. मुलगी बंगलोरला, तिला हे पटलेलं नाही अजून, म्हणते पुण्याला विमान तरी होतं. तिचं चूक नाही. आणि मंगळवारी गावातून रिक्षा मिळणार नाही, मंगळग्रहाच्या मंदिराला कुठून कुठून लोक येतात, लग्न न जमणारी पोरं आयांबरोबर स्टेशनपासून रांगेने.

पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मी पुरेपूर वापर करते. पारोळ्याचा किल्ला, एरंडोलजवळचा पद्मालयचा गणपती, तापी-पांझरेच्या संगमावरचं कपिलेश्वर, ज्याला लहानपणी बैलगाडीतून गेलेले. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. वरच्या मुलींनी मला पाळण्यात बसवलं आणि व्हिडिओ काढला, तो बंगलोरला पण पोचला.

हे मात्र अधूनमधून प्लॉटवर येतात. कट्ट्यावरचे प्राध्यापक भरीला घालतात. परवा एक रंगीत कागद घेऊन आले, धुळे रोडला लेआउट, बगिचा, मंदिर, मुलांची घसरगुंडी. आम्ही जाऊन पाहिलं तर तिथे कपाशी उभी होती आणि मधेमधे पांढरे दगड. मी विचारलं एनए, म्हणजे बिगरशेती, झालंय का, सातबारा दाखवा, तर तो मुलगा म्हणाला काकू तुम्ही आधी बुकिंग करा, एनए प्रोसेसमध्ये आहे. परत येताना हे गप्प होते.

गेल्या महिन्यात अकरा महिन्यांचा करार संपला, घरमालकांनी पाचशे वाढवले आणि नवीन करार ऑनलाइन रजिस्टर करायला लॅपटॉपवाला मुलगा घरी आला. हे लगेच, बघ, वाढलं ना, आपलं घर असतं तर. मी म्हटलं वारज्याचा मेंटेनन्स काय कमी होत होता का, अंगठा लावा तिथे, आणि जाऊन पाव किलो शेव आणा, पोरी जेवायला आहेत.